काळ्या मातीवरचं चर्च दुरुस्त करताना

तापीच्या खोऱ्यात, दोंडाईचा-नंदुरबारच्या पट्ट्यात, काळ्या मातीवर उभं असलेलं हे गावातलं जुनं चर्च. नैर्ऋत्य कोपऱ्यात खिडकीच्या टोकदार कमानीपासून निघालेला तडा तिरपा होत जोत्यापर्यंत उतरला होता. वर बोट जाईल एवढा रुंद, खाली केसाएवढा. तो दर चार-पाच वर्षांनी सिमेंटनं भरला जायचा आणि दर वेळी शेजारी नवी भेग पडायची. दुरुस्ती हातात घेतल्यावर आम्ही ठरवलं की एक वर्षभर तडा भरायचाच नाही, फक्त मोजायचा.

मोजणीला खर्च नाही. तड्याच्या दोन्ही बाजूंच्या दगडांत पितळेचे दोन स्क्रू बसवले आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, उपासना सुरू होण्याआधी, त्यांच्यामधलं अंतर व्हर्नियर कॅलिपरनं घेतलं. वेळ सकाळचीच ठेवली, कारण दुपारी दगड तापून आकडा बदलतो. काचेची पट्टी चिकटवायची जुनी रीत आहे, पण काच फुटली की हालचाल झाली एवढंच कळतं. किती आणि कुठल्या दिशेनं, ते कळत नाही. आमच्या वहीत मे महिन्यात तडा 11 मिलिमीटर होता आणि सप्टेंबरमध्ये 7. पावसात मिटतो, उन्हाळ्यात उघडतो. म्हणजे दोष भिंतीत नव्हता, खालच्या मातीत होता.

काळी माती उन्हाळ्यात आकसते, शेतात हात जाईल अशा भेगा पडतात, आणि पाऊस लागला की फुगते. कोपऱ्यात चाचणीचा खड्डा घेतला तेव्हा पाया पावणेचार फुटांवर संपलेला दिसला आणि मुरूम सहा फुटांवर लागला. पूर्वेच्या, वेदीकडच्या बाजूला मात्र मुरूम तीन फुटांवरच होता. इमारतीचं एक टोक मुरमावर आणि दुसरं काळ्या मातीवर, त्यामुळे एकच टोक वर्षभर वरखाली होत होतं. असा खड्डा एका वेळी एकच घ्यावा, तीन फुटांपेक्षा रुंद नको, आणि त्याच दिवशी सहा-सहा इंचांच्या थरांनी कुटून भरावा. पावसाळ्यात तर हात लावूच नये.

उन्हाळ्यात तडा उघडा असतो तेव्हा त्यात सिमेंट भरलं की ती पाचर होते. पावसात भिंत परत मिटायला बघते, पाचर मिटू देत नाही, मग ताण शेजारच्या दगडांवर जातो. पुढच्या मे महिन्यात तडा आणखी उघडतो, त्यात आणखी सिमेंट. आमच्या कोपऱ्यातून सिमेंटचे तीन वेगवेगळ्या रंगांचे थर निघाले आणि कोपरा ओळंब्यापासून दीड इंच बाहेर गेलेला होता. भिंत पाडायची गरज नव्हती. मातीतला ओलावा वर्षभर सारखा ठेवायचा होता.

ही इमारत कशी बांधली आहे ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं काम कळणार नाही. पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन मिशनऱ्यांचं काम विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून होतं आणि या भागातल्या लहान चर्चांचा आराखडा साधारण सारखा असतो. आतून 54 फूट लांब, 24 फूट रुंद, वेदी पूर्वेला, दार पश्चिमेला, दाराशी पोर्च आणि त्याच्या वर घंटेची छोटी कमान. नकाशा बाहेरून आला, माल आणि हात इथलेच. भिंत 21 इंचांची: बाहेरून घडीव काळा दगड, आतून ओबड दगड, मधल्या पोकळीत चुन्याच्या गाऱ्यात बसवलेली खांडकं. दगड डाईकचा. धुळे-नंदुरबारच्या परिसरात पूर्व-पश्चिम धावणाऱ्या काळ्या दगडाच्या अरुंद, लांबट टेकड्या दिसतात. जमिनीतल्या भेगांत शिरून थिजलेला तो लाव्हा. हा दगड आपल्या सांध्यांवर सुटतो, चौकोनी तुकडे जवळजवळ तयारच मिळतात, म्हणून पाथरवटाची मेहनत वाचते. छताला सागाच्या पाच कैच्या (छत पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटी), नऊ-नऊ फुटांवर, आणि वर मंगलोरी कौलं.

कामाचा क्रम आम्ही असा धरला: आधी बाहेरचं पाणी, मग आतलं सिमेंट काढून उन्हाळाभर भिंत वाळू देणं, त्याच उन्हाळ्यात छत आणि दिवाळीनंतर चुना. हा क्रम उलटा केला की पैसे वाया जातात. नवा गिलावा झाल्यावर छत उघडलेलं किंवा रंग झाल्यावर पन्हळ बसवलेली बऱ्याच ठिकाणी दिसते. शिवाय मंडळी पुढच्या नाताळापर्यंत काम उरका म्हणते. पंचांसमोर पहिल्याच बैठकीत सांगावं की एक नाताळ अर्धवट भिंतींत साजरा करावा लागेल.

बाहेरचं पाणी म्हणजे नेमकं काय? जोतं मुळात 18 इंच उंच होतं, त्यातलं जेमतेम पाच इंच दिसत होतं. आवारात वर्षानुवर्षं मुरूम टाकला, माती वाहून आली, आणि त्यावर भिंतीला चिकटून चार फूट रुंद सिमेंटचा कोबा केलेला. कोब्यानं पाणी अडतं असं सगळ्यांना वाटतं. खरं तर कोबा आणि भिंत यांच्या सांध्यातून पावसाचं पाणी आत जातं, वर उडून जायला वाट नसते, मग ते भिंतीत चढतं. आमच्या गवंड्यानं भिंतीवर हात ठेवून पहिल्या दिवशीच अहिराणीत सांगितलं होतं, "भित पानी पियेल शे." कोबा फोडला. माती फूटभर उतरवली, पायाचा दगड उघडा पडणार नाही एवढं बघून. भिंतीपासून तीन फुटांपर्यंत मुरूम कुटून वीस फुटांत एक फूट असा उतार दिला, आणि त्याच्या पलीकडे दगडी नाली काढून पाणी आवाराबाहेर नेलं.

इथं एक चूक फार होते. भिंतीलगत चर खणून त्यात खडी भरायची, पाणी त्यात मुरू द्यायचं, असा सल्ला मिळतो. वाळूच्या जमिनीत तो ठीक असेल. काळ्या मातीत असा चर म्हणजे पायाशी पाण्याचा साठा. माती तिथं जास्त फुगते आणि भिंत उचलते. शोषखड्डाही भिंतीपासून लांबच हवा.

नैर्ऋत्य कोपऱ्यापासून चौदा फुटांवर निलगिरीचं मोठं झाड होतं. तडा पडायचं ते निम्मं कारण, कारण उन्हाळ्यात ते त्याच कोपऱ्याखालचा ओलावा ओढून घेई. झाड तोडा असं सगळ्यांचं मत होतं, आम्ही एकदम तोडलं नाही. अनेक वर्षं सुकलेली माती झाड गेल्यावर पाणी धरते आणि फुगते, मग तोच कोपरा वर ढकलला जातो. दर वर्षी एक तृतीयांश फांद्या उतरवायच्या, तीन वर्षांत बुंधा काढायचा, असं ठरवलं. घंटेच्या कमानीत पिंपळाचं रोप होतं. तेही ओढून काढू नये, दगड सुटून येतात. बुंध्याशी कापून, सालीला खाच पाडून मुळं मारायची आणि पोकळी चुन्यानं भरायची.

छताचं काम एप्रिल-मे मध्ये. दोन्ही पाखी (छताचे दोन उतार) मिळून क्षेत्र साधारण 2,000 चौरस फूट, 100 चौरस फुटाला 140 कौलं, म्हणजे 2,800. एक कौल अडीच किलोच्या आसपास, त्यामुळे छतावर सात टन ओझं असतं आणि कौलं भिजल्यावर ते वाढतं. कौलं उतरवताना आधी आढ्यावरची, मग दोन्ही पाख्यांवरची एक-एक ओळ सारखी उतरवत यायचं. एक पाखं रिकामं आणि दुसरं भरलेलं अशी स्थिती आली तर कैच्या एका बाजूला झुकतात. उतरवलेलं प्रत्येक कौल बोटाच्या पेरानं वाजवून बघितलं. खणखणीत वाजलं तर चांगलं, भद्द आवाज आला तर तडकलेलं. अडीच हजारांहून अधिक कौलं परत चढली.

कौलाच्या उलट्या बाजूवरचा ठसा नीट पाहावा, त्यावरून छताचं वय कळतं. बासेल मिशननं मंगळुरात कौलांचा कारखाना 1865 मध्ये सुरू केला. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी मिशनची मालमत्ता ताब्यात घेतली आणि पुढं हे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. आमच्या छतावर दोन्ही नावांची कौलं होती. बासेलची पूर्वेच्या पाख्यांवर, ट्रस्टची पोर्चकडे. म्हणजे पश्चिमेकडचं छत नंतर एकदा उघडलं गेलं होतं, आणि तिथल्याच कैचीचं एक टोक जुन्या खिळ्यांनी शिवलेलं सापडलं, ते जुळलं. प्रत्येक ठशाचं एकेक कौल धुवून, कागद लावून पेटीत ठेवलं.

रीपांचं, म्हणजे कौलं ज्यांवर अडकतात त्या लाकडी पट्ट्यांचं, अंतर साडेबारा इंच, एका पाख्याला 17 रीपा. हे अंतर अर्ध्या इंचानं चुकलं तरी कौलाचा खालचा नाक नीट अडकत नाही आणि पहिल्या वळवाच्या पावसात ओळ सरकते. सुताराला फूटपट्टी देऊ नये, साडेबारा इंचांचा लाकडी ठोकळा कापून द्यावा. वानरांचा त्रास असेल तर आढ्याच्या दोन्ही बाजूंच्या शेवटच्या दोन ओळींची कौलं तांब्याच्या तारेनं रीपेला बांधावी.

कैच्या वरून धडधाकट दिसतात. कुजतात त्या भिंतीत शिरलेल्या टोकाशी, कारण तिथं हवा लागत नाही. प्रत्येक टोक हातोडीनं ठोकून आणि टोच्यानं टोचून पाहिलं. दहा टोकांपैकी तीन पोकळ निघाली. त्यांपैकी एकात वाळवीच्या मातीच्या नळ्या थेट जोत्यापासून वर गेलेल्या होत्या. सबंध कैची बदलायची नाही. आधी खालून टेकू द्यायचा, कुजलेला भाग निरोगी लाकडापर्यंत कापायचा, आणि नव्या सागाचा तुकडा तिरप्या सांध्यानं जोडायचा. सांध्याची लांबी लाकडाच्या जाडीच्या निदान तिप्पट हवी, म्हणजे आठ इंची लाकडाला दोन फूट, आणि दोन बोल्ट. नवं टोक भिंतीत ठेवताना तिन्ही बाजूंनी अर्धा इंच मोकळी जागा सोडली. गवंडी ती हमखास चुन्यानं बुजवायला जातो, त्यामुळे तिथं कुणीतरी उभं राहावंच लागतं. साग आम्ही पाडलेल्या वाड्याचा जुना घेतला. नव्यासाठी वनखात्याचा वाहतूक पास हवा आणि जुनं लाकूड वाळलेलंही असतं.

आतल्या भिंतींना पाच फुटांपर्यंत सिमेंटचा दीड इंच गिलावा होता आणि त्यावर ऑइल पेंट. ओल त्याच्या मागे चढून पाच फुटांच्या वर बाहेर पडत होती, तिथं जुना चुना फुगून भुसभुशीत झालेला. लोणा लागला म्हणतात तो हाच. फरशीही शहाबादी काढून गुळगुळीत टाइल बसवलेली. जमिनीतली ओल पूर्वी फरशीच्या सांध्यांतून उडून जाई, ती आता सगळी भिंतीकडे वळली होती. सगळी फरशी काढणं परवडणारं नव्हतं. भिंतीलगतचा दीड फुटाचा पट्टा उखडून तिथं शहाबादी चुन्यात बसवली.

सिमेंट काढायला ब्रेकर मशीन वापरू दिलं नाही. छिन्नी आडवी धरून, हलक्या हातानं, एका गवंड्याचे दिवसाला 25-30 चौरस फूट. दगडासकट पापुद्रा निघायला लागला तर थांबायचं आणि कडेनं यायचं. मार्चमध्ये भिंत उघडी केली, दारं-खिडक्या दिवसभर उघड्या ठेवल्या, आणि खानदेशच्या 44-45 अंशांच्या उन्हाळ्यानं जे काम केलं ते कुठल्याही रसायनानं झालं नसतं. लोणा लागून भिंतीवर आलेली क्षारांची पांढरी भुकटी कोरड्या ब्रशनं झाडायची, खाली कागद धरून गोळा करायची आणि आवाराबाहेर टाकायची. ती पाण्यानं धुतली की क्षार विरघळून परत भिंतीत जातात. जिथं लोणा फार होता तिथं कागदाचा ओला लगदा अर्धा इंच थापून सुकू दिला. वाळून सुटताना तो क्षार घेऊन येतो. दोनदा करावं लागलं.

जुन्या चुन्याचं प्रमाण कळावं म्हणून सांध्यातून 100 ग्रॅमचा खडा काढला, पाण्यात ॲसिड घालून पातळ केलेल्या द्रावणात टाकला. फसफस थांबल्यावर धुवून वाळवलं तर 80 ग्रॅमच्या आसपास वाळू उरली, तीत विटेचे लाल कण. घनफळाच्या हिशोबानं चुना एक, वाळू दोन ते अडीच, आणि सुरखी (विटेची पूड) घातलेली. नवं मिश्रण त्याच्याशी मिळतं ठेवलं.

कळीचा चुना, म्हणजे अजून पाण्यात न विरवलेला भाजका चुना, 600 किलो घेतला. एक किलो चांगल्या कळीचा दोन लिटर लगदा होतो, आणि आतला सहा फुटांपर्यंतचा गिलावा, बाहेरच्या दर्जा (दगडांमधले सांधे) आणि वरचा सफेदा मिळून आम्हाला हजार-बाराशे लिटर लागणार होता. कळी घेताना हलकी, खणखणीत, ताजी बघावी. गोणीत पीठ झालेली कळी हवेनं मेलेली असते. जुलैमध्ये लोखंडी टाकीत विरवली, एका खेपेला 50 किलोला 150 लिटर पाणी. पाण्यात कळी टाकायची, कळीवर पाणी ओतायचं नाही. पाणी उकळतं, शिंतोडे उडतात, त्यामुळे चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय कुणालाही टाकीजवळ येऊ दिलं नाही. डोळ्यात गेलं तर निदान पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्यानं धुवत राहायचं आणि डॉक्टरकडे न्यायचं. थंड झालेला चुना जाळीतून गाळला. न विरलेला खडा मागे राहिला तर तो गिलाव्यात चार-सहा महिन्यांनी फुलतो आणि फोड उडतो. गाळलेला लगदा विटांच्या हौदात, वर चार इंच पाणी, दिवाळीपर्यंत. तीन आठवडे ही कमीत कमी मुदत, जास्त मुरेल तितका लोण्यासारखा होतो. नोव्हेंबरमध्ये हौद उघडला तेव्हा थापीनं कापलेली वडी उभी राहत होती आणि थापीला चिकटत नव्हती.

वाळू तापीची, जाडीभरडी. बरणीत वाळू आणि पाणी हलवून तासभर ठेवलं की वर गाळ किती बसतो ते दिसतं. काळ्या मातीचा थर जाड दिसला ती गाडी परत पाठवली, कारण त्यानं गिलाव्याला जाळीसारख्या भेगा पडतात. सुरखी गावच्या भट्टीतल्या नीट पण मवाळ भाजलेल्या विटेची. काळपट जळालेली वीट चुन्याशी लागत नाही.

खालच्या तीन फुटांना चुना एक, सुरखी एक, वाळू दोन. वर चुना एक, वाळू तीन. पहिला हात 12 मिलिमीटर, ओरखडे काढून आठ-दहा दिवस थांबायचं, मग दुसरा हात आठ मिलिमीटर. भिंत आदल्या संध्याकाळी आणि लावायच्या आधी भिजवायची, नाहीतर दगड चुन्यातलं पाणी ओढून घेतो आणि गिलावा खडूसारखा होतो. दहा दिवस ओली गोणपाटं. चुना हवेतून घट्ट होतो, त्यामुळे ओल आणि हवा दोन्ही लागतात, प्लास्टिकनं झाकून चालत नाही. बाहेरच्या दर्जा इंचभर खोल खरवडून भरल्या, सकाळी पश्चिमेच्या भिंतीला आणि दुपारी पूर्वेच्या, म्हणजे काम सतत सावलीत राहतं. डिसेंबर-जानेवारीच्या काही पहाटे धुळ्याकडे पारा 5-6 अंशांवर येतो. तेव्हा दहा वाजेपर्यंत थापी उचलली नाही.

गवंडी "मूठभर सिमेंट टाकू, लवकर धरेल" म्हणतोच. मूठभर सिमेंटनं चुना धड चुना राहत नाही आणि सिमेंटही होत नाही, आतून कच्चाच राहतो. एका टोपल्यात ते गेलं होतं, राखट रंगावरून ओळखलं आणि तेवढा गिलावा ओला असतानाच काढला.

तडा शेवटी भरला, फेब्रुवारीत. तोपर्यंत नालीला एक पावसाळा झाला होता आणि उन्हाळा-पावसाळ्यातला फरक 4 मिलिमीटरवरून दीडवर आला होता. सिमेंटच्या पाचरी काढून दर दोन फुटांवर लांब दगड तड्याच्या आडवे शिवले, मधली जागा चुना-सुरखीनं भरली. चुना थोडी हालचाल सोसतो. केसाएवढी भेग परत पडेल आणि पडली तर चुन्याच्या निवळीनं भरता येईल.

भिंतींना रंग चुन्याचाच, दुधाएवढा पातळ, पाच हात, दोन हातांत एक दिवस. शेवटच्या हातात चिमूटभर नीळ. कोनशिलेची अक्षरं पूर्वी काळ्या रंगानं भरलेली होती, ती तशीच सोडली. रंग काढायला गेलं तर दगडाची धार जाते. घंटेला फक्त नवा लोलक-पट्टा आणि सागाची नवी तुळई दिली. काशाची घंटा साध्या वेल्डिंगला नेऊ नये, फुटू शकते.

स्क्रू अजून जागेवर आहेत, तड्याच्या भरावावरून मोजणी चालू आहे. या मे महिन्यातला आकडा फेब्रुवारीपेक्षा अर्ध्या मिलिमीटरनं वाढलेला आहे आणि निलगिरीच्या दुसऱ्या तृतीयांश फांद्या पावसाच्या आधी उतरवायच्या आहेत.